बायो गावची सत्तर मीटरची लढाई

माझ्या आत्यानं चिपळूणला तीस वर्षं भरतकामाचे वर्ग घेतले. तिच्या कपाटात एका जुन्या मासिकाचं पिवळं पडलेलं पान असायचं. पानावर धावणारे घोडे, शिडाची जहाजं, लोखंडी कड्यांचे अंगरखे घातलेले सैनिक, आणि खाली एक ओळ : हे सर्व सुईने भरलेले आहे. सुट्टीत गेलं की हात धुऊन ते पान बघायला मिळायचं. २०२५ च्या मे महिन्यात आत्या इंग्लंडमध्ये रीडिंगला लेकीकडे होती. मी पुण्याहून पंधरा दिवसांसाठी गेले, आणि त्या पानाच्या मागे आम्ही दोघी सहा दिवस फिरलो.

ज्यांना या कापडाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १०६६ साली फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरच्या नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम समुद्र ओलांडून इंग्लंडवर चालून गेला, हेस्टिंग्जच्या लढाईत राजा हॅरल्डला मारलं आणि स्वतः राजा झाला. ती सगळी हकिगत पुढच्या काही वर्षांतच एका लांबच लांब पट्टीवर भरली गेली. जवसाच्या धाग्याचं कापड, म्हणजे लिनन, आणि त्यावर रंगीत लोकर. लांबी सत्तर मीटरच्या आसपास, रुंदी जेमतेम अर्धा मीटर. जग तिला ‘बायो टॅपेस्ट्री’ म्हणतं. आत्याला ते मान्य नाही. टॅपेस्ट्री मागावर विणतात, ही पट्टी सुईनं भरलेली आहे, आणि ज्यानं आयुष्यभर सुई धरली त्याला हा फरक लहान वाटत नाही.

पहिला दिवस : रीडिंग

मूळ पट्टी बघायच्या आधी आम्ही तिची नक्कल पाहिली, आणि हा क्रम फार चांगला ठरला. रीडिंगच्या जुन्या टाउन हॉलमधल्या संग्रहालयात पूर्ण आकाराची हुबेहूब प्रत आहे. स्टॅफर्डशरमधल्या लीक गावच्या एलिझाबेथ वॉर्डल यांनी १८८५-८६ मध्ये तीसहून जास्त बायकांना हाताशी धरून ती वर्षभरात पुरी केली. इंग्लंडच्या इतिहासाची एवढी मोठी वस्तू फ्रान्सकडे आहे, तर निदान एक प्रत आपल्याकडे असावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

आत्या पहिल्या काचेपाशी वाकली ती उठेचना. तिथल्या एका वयस्क स्वयंसेवकानं न विचारता खुर्ची आणून दिली. ती सरकवत सरकवत आम्ही पुढे गेलो. प्रत्येक भागाच्या खाली तो भरणाऱ्या बाईचं नाव सुईनंच घातलेलं आहे, आणि मी एकेक नाव मोठ्यानं वाचत होते.

“आणि मूळ कापडावर?” आत्यानं विचारलं.

मूळ कापडावर एकीचंही नाव नाही. स्वयंसेवक काकांनीच ते सांगितलं.

“नाव घालायला लोकर लागते ती किती!” आत्या म्हणाली. मग बराच वेळ काही बोलली नाही.

त्या काकांनी खालच्या काठातला एक माणूस दाखवला. मूळ पट्टीत तो पूर्ण नागडा आहे, इथे त्याला चड्डी आहे. लीकच्या बायकांनी मूळ कापड समोर ठेवून काम केलं नव्हतं. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयातले रंगवलेले फोटो त्यांच्यासमोर होते, आणि तिथल्याच लोकांनी व्हिक्टोरियन काळाच्या मर्यादेनुसार ते आधीच सुधारून ठेवले होते. बायकांनी फोटोत दिसलं तसं इमानदारीनं भरलं.

एलिझाबेथबाईंचे पती टॉमस वॉर्डल हे रंगारी. या प्रतीची लोकर त्यांनीच वनस्पतींच्या रंगांत रंगवली. त्यांचं निम्मं आयुष्य आपल्या टसर रेशमामागे गेलं. रंग न धरणारं टसर कसं रंगवायचं ते त्यांनी शोधून काढलं, आणि बायका इकडे घोडे भरत होत्या त्याच सुमाराला, म्हणजे १८८५-८६ मध्ये, ते रेशमाची पाहणी करायला हिंदुस्थानात आले होते. आत्याच्या बॅगेत भंडाऱ्याची टसर साडी होती. दुसऱ्या दिवसापासून ती तीच नेसली.

संग्रहालयापासून पाच-दहा मिनिटांवर रीडिंग ॲबी या जुन्या मठाचे भग्न अवशेष आहेत. विल्यमचा धाकटा मुलगा, राजा पहिला हेन्री, यानं ११२१ मध्ये ती बांधायला घेतली आणि त्याला पुरलंही तिथेच. उघड्या भिंतींमध्ये बसून आम्ही डब्यातले मेथीचे ठेपले खाल्ले.

प्रवासाआधीच्या दोन गोष्टी. भारतीय पासपोर्टवर इंग्लंडचा आणि फ्रान्ससाठी शेंगेनचा असे दोन वेगळे व्हिसा लागतात, तेव्हा दोन्हींची तयारी दोन-तीन महिने आधी सुरू करा. रीडिंगचं संग्रहालय बघायला पैसे पडत नाहीत, पण ते आठवड्याचे सगळे दिवस उघडं नसतं. वार तपासून जा.

दुसरा दिवस : बायो

पोर्ट्समथहून रात्रीची बोट, सकाळी विस्त्रेआम बंदर, तिथून बसनं काँ शहर आणि मग आगगाडीनं वीसेक मिनिटांत बायो. बोटीत केबिन घ्या. खुर्चीत रात्र काढणं साठीनंतर जमत नाही.

गावाचं नाव स्टेशनच्या पाटीवर फ्रेंच अक्षरांत भलतंच दिसतं, उच्चार मात्र जवळजवळ ‘बायो’. कोकणात लहान मुलीला अशीच हाक मारतात. आत्यानं ते दोन-तीनदा म्हणून पाहिलं. “बायो गं बायो,” असं ती पाटीकडे बघून हळूच म्हणाली, आणि त्या क्षणापासून ते गाव तिला परकं राहिलं नाही.

गाव लहान आहे. ओर नावाची ओढ्याएवढी नदी, तिच्यावर पाणचक्की, दगडी घरं. १९४४ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, आजूबाजूची शहरं जमीनदोस्त झाली तेव्हा बायो ७ जूनलाच, म्हणजे दोस्त सैन्य उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी, मुक्त झालं आणि म्हणून शाबूत राहिलं. दुपारी भुरभुर पाऊस होता. अर्ध्या तासात ऊन, परत पाऊस. छत्रीपेक्षा टोपीचं जाकीट बरं.

आम्ही आधी कॅथीड्रलमध्ये गेलो. १४ जुलै १०७७ ला खुद्द विल्यमच्या उपस्थितीत त्याचं अर्पण झालं. तेव्हा इथला बिशप होता ओडो, विल्यमचा सावत्र भाऊ (आई एक, वडील वेगळे). ही पट्टी बहुधा त्यानंच करवून घेतली असं बहुतेक अभ्यासक मानतात. पट्टीवर तो वारंवार दिसतो, तेही मोक्याच्या जागी. लेखी नोंदीत मात्र ती पहिल्यांदा सापडते १४७६ मध्ये. या चर्चच्या मालमत्तेच्या यादीत लिहिलं आहे की पवित्र अवशेषांच्या सणाला ती सभामंडपाभोवती टांगतात. म्हणजे चारशे वर्षं कुणी तिच्याबद्दल लिहून ठेवलेलं आपल्याला मिळत नाही, आणि मिळतं तेव्हा ती पेटीतून काढून, टांगून, परत गुंडाळून ठेवायची सणाची वस्तू झालेली असते. पैठणीसारखी वर्षातून एकदा ऊन दाखवलेली. त्या खांबांमधून चालताना ती कुठून कुठवर गेली असेल ते आत्या बोटानं हवेत दाखवत होती.

बाहेर १७९७ मध्ये लावलेलं एक अवाढव्य चिनाराच्या जातीचं झाड आहे. राज्यक्रांतीची आठवण म्हणून लावलेलं. त्याच्या जवळच आदम आणि इव्ह कोरलेलं जुनं लाकडी घर आहे, आणि त्यात लेस विणणाऱ्या बायका बसतात. बायोची लेस प्रसिद्ध. उशीवर नक्षीचा कागद, त्यात शेकडो टाचण्या, आणि दोऱ्याच्या लाकडी रिळांच्या जोड्या बोटांतून अशा फिरतात की नुसता टकटक आवाज ऐकू येतो. एका बाईनं आत्याचा उजवा हात हातात घेतला, मधल्या बोटाच्या टोकावरचा घट्टा चाचपला आणि आपलं बोट शेजारी ठेवलं. तिथेही तसाच घट्टा. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. पंधरा मिनिटं त्या दोघी बोलत होत्या.

आमच्या घरमालकीणबाईंना आम्ही कशासाठी आलो ते सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “अच्छा, राणी मातिल्दची पट्टी!” फ्रान्समध्ये अजूनही पुष्कळ लोक हेच म्हणतात. नवरा विल्यम लढत होता आणि राणी मातिल्द सख्यांसोबत बसून भरत होती, अशी दंतकथा. गोड आहे, पण अभ्यासकांना पटत नाही. रात्री बाईंनी तर्गूल वाढलं. तांदूळ, दूध, साखर, दालचिनी मातीच्या भांड्यात तासन्‌तास भट्टीत ठेवतात, वर तपकिरी साय जमते. पहिल्या घासाला आत्या म्हणाली, “ही तर खीर!” दुसऱ्याला म्हणाली, “वेलची हवी होती.”

तिसरा दिवस : पट्टी

गुरुवारी फ्रान्समध्ये ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाची सुट्टी होती आणि हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. उघडायच्या आधीच रांग गल्लीत आली होती. तरी आत गेल्यावर ते सगळं विसरायला झालं.

धर्मगुरू घडवणाऱ्या जुन्या विद्यालयाच्या इमारतीतलं अंधारं दालन, घोड्याच्या नालेसारखं वळलेलं, आणि काचेमागे मंद प्रकाशात ती पट्टी सुरू होते. कानाला लावलेलं यंत्र आपोआप बोलायला लागतं आणि आपल्याला पुढे पुढे नेतं. पहिल्या फेरीत त्याचं ऐका. दुसऱ्या फेरीत ते काढून ठेवा. आम्हाला दुपारी गर्दी ओसरल्यावर तिथल्या बाईंनी परत एकदा आत सोडलं, आणि खरं बघणं तेव्हा झालं.

पहिली गोष्ट म्हणजे रंग. सगळ्या फोटोंत ते मळके दिसतात. इथे मात्र गडद निळा, विटकरी, हिरवा, मोहरीचा पिवळा. दहाच रंग, आणि ते तीन झाडांतून आलेले : मंजिष्ठेचा लाल, वेल्ड नावाच्या झुडपाचा पिवळा, आणि वोडचा निळा. वोड म्हणजे युरोपची नीळ, रंगाचं रसायन तेच. ही माहिती मी वाचून सांगत होते, आणि आत्या मान हलवत होती, जणू कुणीतरी तिच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांची नावं वाचतंय.

तिनं टाके ओळखले. अक्षरं आणि बाह्यरेषा देठाच्या टाक्यात. मोठ्या जागा भरताना मात्र वेगळी युक्ती आहे. आधी रंगीत दोरे शेजारी शेजारी पसरायचे, त्यावर थोड्या थोड्या अंतरानं आडवे दोरे टाकायचे आणि ते आडवे दोरे बारीक टाक्यांनी दाबून टाकायचे. या टाक्यालाच आता बायोचा टाका म्हणतात. “उलट बाजूला दोरा फारसा जातच नाही,” आत्या म्हणाली. “जवळजवळ सगळी लोकर सुलट बाजूला. काटकसर बघ.” चेहरे आणि हात मुळी भरलेलेच नाहीत, नुसती रेघ. कोरं कापड म्हणजेच कातडी. आणि घोड्याचे पलीकडचे पाय अलीकडच्या पायांपेक्षा वेगळ्या रंगात. निळ्या घोड्याला दोन पाय लाल. सावली न देता, दूर-जवळ न रंगवता, पाय मागे आहे हे त्यांनी नुसत्या दोऱ्याच्या रंगानं सांगितलं.

पट्टी एकसंध नाही, नऊ तुकडे जोडलेले आहेत. जोड इतके नाजूक आहेत की शोधावे लागतात. आत्यानं पहिला जोड पकडला, कारण तिथे वरच्या काठाची रेघ नीट जुळलेली नाही. पुढचे जोड सफाईनं झालेत. “दोन घरी भरायला दिलं असेल,” ती म्हणाली. “जोडताना कळलं की माप चुकलं. पुढच्याला मग आधी जोडलं आणि नंतर भरलं.” अभ्यासकांचाही तर्क साधारण असाच आहे, हे मी तिला संध्याकाळी वाचून दाखवलं.

आता त्यातली गोष्ट. वर लॅटिन शब्द आहेत, पण ते न वाचता चालतं. म्हातारा राजा एडवर्ड हॅरल्डशी बोलतोय. हॅरल्ड हातावर ससाणा घेऊन समुद्रावर जातो, फ्रान्सच्या किनाऱ्यावर पकडला जातो आणि विल्यमच्या हाती येतो. दोघं मिळून मोहिमेवर निघतात. माँ-सँ-मिशेलच्या पायथ्याशी भुसभुशीत वाळूत माणसं रुतायला लागतात, आणि एकाला पाठीवर, दुसऱ्याला हाताला धरून बाहेर काढणारा माणूस कोण, तर हॅरल्ड. ज्या कापडाचं काम हॅरल्डला खोटं पाडणं आहे, त्या कापडावर तो असा दिसतो. मग पवित्र अवशेषांच्या दोन पेट्यांवर हात ठेवून तो विल्यमशी एकनिष्ठ राहायची शपथ घेतो. घरी परततो, एडवर्ड मरतो, हॅरल्ड राजा होतो, आणि आकाशात शेपटीचा तारा उगवतो. १०६६ च्या एप्रिलमध्ये दिसलेला हॅलीचा धूमकेतू. खाली माणसं माना वर करून बोटं दाखवतायत आणि वर शब्द आहेत, ‘इस्ती मिरांत स्तेला’, हे लोक ताऱ्याकडे आश्चर्यानं बघतायत. त्याच्या खालच्या काठात रिकाम्या जहाजांच्या नुसत्या रेघा आहेत. अजून न आलेली जहाजं.

मी तिथे खूप वेळ थांबले. पुढे झाडं तोडणं, जहाजं बांधणं, पिंपं भरणं, घोडे नावेत चढवणं. उतरल्यावर जेवण : सळयांवर मांस, ढाली मांडून केलेलं मेज, आणि ओडो अन्नाला आशीर्वाद देतोय. त्यानंतर लगेच एक जळतं घर. दोन माणसं मशाली लावतायत आणि एक बाई मुलाचा हात धरून बाहेर पडतेय. या कापडावर सहाशेहून जास्त माणसं आहेत आणि मुख्य पट्ट्यात बायका फक्त तीन. त्यातली ही एक. तिचा लढाईशी काही संबंध नाही.

पट्टी विजेत्यानं सांगितली म्हणून झाली, पण भरली ती बहुधा हरलेल्यांच्या देशात, इंग्लंडमधल्या केंटमध्ये, कँटरबरीच्या आसपास. तिथल्या मठांतल्या हस्तलिखितांमधली चित्रं आणि यातली चित्रं जुळतात. लॅटिन मजकुरात इंग्रजी वळणं शिरलेली आहेत. हॅरल्डच्या भावाच्या नावात तर खास जुन्या इंग्रजीचं अक्षर आहे. इंग्लंडच्या भरतकामाची तेव्हा सगळीकडे ख्याती होती. म्हणजे गाव जाळणाऱ्यांनी काम दिलं आणि ज्यांची गावं जळली त्यांच्या लेकी-सुनांनी सुई धरली असेल. मला हे कापड त्यासाठीच मोलाचं वाटतं. हॅरल्डच्या डोक्यावर शेवटपर्यंत ‘राजा’ हाच शब्द आहे. विल्यमनं तो मान्य केलेला नव्हता. पण तो मरतो तिथे लिहिलंय, ‘हॅरल्ड राजा मारला गेला’. आणि लढाई जुंपल्यावर खालच्या काठातले पशुपक्षी नाहीसे होतात, त्यांच्या जागी प्रेतं येतात. मुंडकी तुटलेली, अंगावरची चिलखतं ओरबाडून काढली जाणारी. ती भरायला कुणी सांगितलं होतं का? मला नाही वाटत.

हॅरल्डच्या डोळ्यात बाण लागला असं प्रत्येक इंग्रज मुलाला शिकवतात. तो बाण धरलेला माणूसच हॅरल्ड की शेजारी तलवारीखाली पडणारा, यावर वाद आहे. १८ व्या शतकात पट्टीवरून काढलेल्या चित्रांत ती काठी बाणासारखी दिसत नाही. नंतरच्या दुरुस्त्यांनी काही बदललं असावं. आत्यानं बघून सांगितलं, “इथला दोरा नवा आहे.”

कापड वाचलं ते नशिबानं. १७९२ मध्ये सैन्याच्या गाडीवर ताडपत्री म्हणून ते टाकलं गेलं होतं. गावातल्या एका वकिलानं ऐन वेळी ते काढून घेतलं आणि बदली दुसरं कापड दिलं. नेपोलियन इंग्लंडवर स्वारी करायच्या विचारात होता तेव्हा १८०३ मध्ये त्यानं ते पॅरिसला नेऊन लोकांना दाखवलं. नाझींनीही त्याचा अभ्यास करवला. प्रत्येकाला त्यात आपलीच पुढची लढाई दिसत होती. २०२० मध्ये तज्ज्ञांनी इंच-इंच तपासलं तेव्हा २४ हजारांवर डाग, साडेनऊ हजारांवर भोकं-रिकाम्या जागा आणि ३० न सांधलेल्या फाटी मोजल्या. १९८२-८३ मध्ये अस्तर उसवून मागची बाजू पाहिली, तेव्हा मागचे रंग पुढच्यापेक्षा ताजे निघाले. उन्हानं ते कधी पाहिलेच नव्हते. हे ऐकून आत्याचा जीव कासावीस झाला. भरतकाम उलट बाजूनं तपासायचं, हे तिनं आम्हा सगळ्यांना शिकवलेलं, आणि इथे ती बाजू भिंतीकडे.

एक महत्त्वाची सूचना. आम्ही परतल्यावर जुलैत घोषणा झाली की ही पट्टी सप्टेंबर २०२६ पासून जुलै २०२७ पर्यंत लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असेल. बायोचं संग्रहालय ३१ ऑगस्ट २०२५ नंतर नूतनीकरणासाठी बंद झालं, ते ऑक्टोबर २०२७ मध्ये उघडेल असं जाहीर झालंय. नऊशेहून जास्त वर्षांनी ती समुद्रापलीकडे परत जाणार. लंडनला जाणाऱ्यांनी तारखा आधी बघून ठेवाव्यात. आणि घरबसल्या बघायची तर संपूर्ण पट्टीचं मोठं करून बघता येणारं छायाचित्र संग्रहालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहे. जायच्या आधी ते एकदा डोळ्यांखालून घाला.

चौथा दिवस : दफनभूमी आणि काँ

सकाळी पायीच ब्रिटिश युद्ध-दफनभूमीत गेलो. चार हजारांहून जास्त थडगी, प्रत्येकाच्या पायथ्याशी फुलझाड. रस्त्यापलीकडे पांढऱ्या दगडाची कमान आहे, ज्यांचा देह मिळाला नाही त्यांच्या नावांची. वर लॅटिन ओळ कोरलीय. इंग्लंडहून आलेले एक आजोबा तिथे यादीत कुणाचं तरी नाव शोधत होते. त्यांनी आम्हाला अर्थ सांगितला : ‘विल्यमनं ज्यांना जिंकलं त्या आम्ही विजेत्याची मायभूमी मुक्त केली.’ मी वही काढून लिहून घेतलं. आजोबांना नाव सापडलं. ते हात लावून उभे राहिले, आम्ही बाजूला झालो.

दुपारी काँ. विल्यमनं बांधलेल्या मठाच्या चर्चमध्ये त्याची समाधी आहे, जमिनीत बसवलेली एक फरशी. तिच्याखाली आता त्याचं मांडीचं एक हाड तेवढं आहे. १५६२ च्या धर्मयुद्धात थडगं फोडलं गेलं होतं. त्याच्या अंत्यविधीची गोष्ट मला कुठल्याही लढाईपेक्षा लक्षात राहिली. १०८७ मध्ये पुरायची वेळ आली तेव्हा आसेलँ नावाचा माणूस गर्दीतून ओरडला, की ही जमीन माझ्या बापाची आहे, या माणसानं ती बळकावली, इथे त्याला पुरू देणार नाही. चौकशी झाली, म्हणणं खरं निघालं. त्याला पैसे देऊन मगच विधी पुरा झाला. सबंध इंग्लंड घेणाऱ्याला साडेतीन हात जागा विकत घ्यावी लागली.

मातिल्द शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिनं स्थापलेल्या बायकांच्या मठात आहे. काळ्या दगडावर कोरलेली तिची शिळा मूळचीच आहे. आत्यानं तिथे एक मेणबत्ती लावली. “हिनं भरलं नसेल, पण बिचारीचं नाव तर लागलं,” ती म्हणाली.

शाकाहारी मंडळींसाठी सांगते. नॉर्मंडीत गालेत मिळते. कुट्टूच्या पिठाची, नाचणीच्या डोशासारखी काळपट. नेहमीच्या गालेतमध्ये अंडं, चीज आणि डुकराच्या मांसाचा काप असतो. ‘साँ जाँबाँ’ म्हणा, तो काप येणार नाही. अंडं नको असेल तर तेही आधीच सांगा.

पाचवा दिवस : परतीचा समुद्र

शनिवारी सकाळी सँ-पात्रीस चौकातला आठवडे बाजार : चीज, स्ट्रॉबेरी, जिवंत कोंबड्या, सफरचंदाचा रस. आत्यानं एका छोट्या दुकानातून लिननचा तुकडा आणि पट्टीतल्याच रंगांची लोकर घेतली. मग दिएप बंदरापर्यंत आगगाडीनं, आणि रुआँला जोडगाडी चुकून दीड तास गेला. हातात वेळ ठेवून निघा. दिवसाला बोटी मोजक्याच असतात.

न्यूहेवनची बोट चार तास घेते. आत्या वरच्या डेकवर बसली होती. “घोड्यांनी हे कसं सोसलं असेल?” ती म्हणाली. कापडावर घोड्यांच्या नुसत्या माना नावेच्या काठावर दिसतात, ओळीनं. विल्यमही वाऱ्याची वाट बघत किती तरी दिवस किनाऱ्यावर अडकला होता. शेवटी २८ सप्टेंबरला तो पेव्हन्सीला उतरला.

सहावा दिवस : पेव्हन्सी आणि बॅटल

पेव्हन्सीला आता समुद्र नाही. तो मागे सरकलाय, आणि रोमन काळातला किल्ला कुरणात उभा आहे. दगडांतून वारा वाजत होता, गायी चरत होत्या. पट्टीत इथे घोडे नावेतून उड्या मारून उतरतात. बाहेरच्या रोमन तटातून फिरायला पैसे पडत नाहीत.

तिथून हेस्टिंग्जला गाडी बदलून बॅटल. लढाई झाली त्या जागी वसलेल्या गावाचं नावच लढाई! विल्यमनं प्रायश्चित्त म्हणून इथे मठ बांधला, आणि हॅरल्ड पडला त्या जागी मुख्य वेदी ठेवली अशी परंपरा सांगते. चर्च कधीच पाडलं गेलं. हिरवळीत एक सपाट शिळा आहे, तिच्यावर कुणीतरी ताजी फुलं ठेवली होती.

युद्धभूमीला वळसा घालणारी पायवाट आहे, मैलभराची. वरून बघताना उतार सोपा वाटतो. खालून चढताना दम लागतो, आणि पाऊस पडून गेला असेल तर तळाशी बूट रुततात. वर इंग्रज ढालींची भिंत करून उभे, खालून नॉर्मन घोडे. १४ ऑक्टोबर, सकाळपासून अंधार पडेपर्यंत. पट्टीवर एक गोष्ट नाहीच. या लढाईच्या तीनच आठवडे आधी, २५ सप्टेंबरला, हॅरल्डनं उत्तरेत स्टॅमफर्ड ब्रिजला नॉर्वेच्या राजाची स्वारी मोडून काढली होती, आणि तेच थकलेलं सैन्य घेऊन तो सगळं इंग्लंड उभं कापत इथे आला होता. भरणाऱ्यांना हे माहीत नसणं शक्य नाही. करवून घेणाऱ्याला ते नको असणार.

पट्टीचा शेवटही नाही. फाटलेल्या टोकाला इंग्रज पळतायत आणि कापड संपतं. पुढे बहुधा वेस्टमिन्स्टरचा राज्याभिषेक असावा, १०६६ च्या नाताळातला. ऑल्डर्नी बेटावरच्या लोकांनी २०१२-१३ मध्ये तसा शेवट भरून पुरा केलाय. आत्याला मी फोनवर त्याचा फोटो दाखवला. तिनं टाके चांगले आहेत म्हटलं आणि फोन परत दिला.

उताराच्या मध्यावर आम्ही बसलो. खाली मेंढ्या होत्या, त्याच कुरणात. कुंपणाच्या तारेला लोकरीचे पुंजके अडकले होते. आत्या उठली, चार-पाच पुंजके काढले, काटेकुटे निवडले, आणि मांडीवर टसरच्या पदरावर घेऊन चिमटीत पीळ द्यायला लागली. वीतभर धागा झाल्यावर तो दुहेरी केला, परत पीळ दिला, दाताखाली धरून ताण पाहिला.

“धरतोय,” ती म्हणाली, आणि पर्समधून ते जुनं पिवळं पान काढून धागा त्याच्या घडीत ठेवला.